पायांचा नवस

सावंतवाडीहून जुन्या गोव्याला चालत जायचं ठरलं तेव्हा फादरांनी विचारलं होतं, "अनवाणी कशाला?" नवस आहे, म्हणालो. खरं तर नवस फक्त चालण्याचा होता. अनवाणीपण मीच त्याला जोडलं होतं.

संत फ्रान्सिस झेविअर यांचं फेस्त, म्हणजे सण, ३ डिसेंबरला. २४ नोव्हेंबरपासून नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते आणि सिंधुदुर्ग, बेळगावकडून चालणारे 'गोंयच्या सायबा'च्या, म्हणजे झेविअर यांच्या, ओढीनं निघतात. बांदा, पत्रादेवी, कोलवाळ, म्हापसा, पर्वरी असे जवळपास ७० किलोमीटर, आम्हाला तीन दिवस लागले.

पहिला मोह पत्रादेवीच्या पुढे आला. तो ओळखणं सोपं होतं. टाच फुटलेली, डांबर तापलेलं, आणि पणजीची बस हात दाखवला तर थांबेल इतकी हळू चाललेली. इतकं चाललास ते देवानं पाहिलंय, आता पुरे, असं मन म्हणत होतं. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशिअस यांनी आत्मिक साधनेसाठी लिहून ठेवलेला एक नियम आहे: मन कोरडं पडलं असेल तेव्हा आधी केलेला निश्चय बदलू नये. म्हटलं, जपमाळेचे पुढचे दहा मणी होईपर्यंत चालू. दहा मणी झाले, बस गेली.

दुसरा मोह मात्र जपमाळेचा हात धरूनच आला.

कोलवाळच्या पुलाअलीकडे आमच्यातला सर्वांत लहान मुलगा, पायांना फोड आले म्हणून, कोणाच्या तरी स्कूटरवरून म्हापशाला पुढे गेला. मी काही बोललो नाही. पण माझी पावलं झपझप पडू लागली. सगळ्यांच्या पुढे, एकटा. रस्त्याकडेच्या एका बाईनं वाकून माझ्या पायांवर पाणी ओतलं. प्रार्थना इतकी सुरेख लागली होती की मला ती कृपाच वाटली. त्या मुलासाठीही मागितलं, देवा, त्याला थोडी चिकाटी दे.

मुक्कामावर तोच हसत चहा घेऊन समोर आला. "नवस पायांनी फेडतात, पेट्रोलनं नाही," मी सगळ्यांसमोर म्हणालो. त्यानं कप खाली ठेवला आणि बाहेर गेला. मागून पोचलेल्या मावशी एवढंच म्हणाल्या, "बाबा, दिसभर तुझी पाठच दिसली रे आमका."

त्या रात्री मणी पुढे सरकेना. सैतान प्रकाशाचा दूत बनून येतो, म्हणून विचार कुठून निघाला आणि कुठे जाऊन संपला हे तपासावं, असं इग्नेशिअस सांगतात. माझा विचार निघाला होता प्रार्थनेतून आणि संपला होता एका पोराच्या उतरलेल्या चेहऱ्यापाशी. येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन सैतानानं स्तोत्र ९१ मधलंच वचन ऐकवलं होतं. जागा पवित्र, शब्दही पवित्र, आणि सांगणं काय, तर खाली उडी टाक.

सायबाच्या चरित्रात एक गोष्ट सांगतात. पॅरिसमध्ये शिकताना त्याला आपल्या उड्या मारण्याच्या कौशल्याचा फार अभिमान होता. पुढे १५३६ मध्ये सोबत्यांबरोबर व्हेनिसला चालत जाताना, त्याचं प्रायश्चित्त म्हणून, त्यानं अंगाला दोऱ्या आवळून बांधल्या. त्या मांसात रुतल्या, पाऊल उचलेना, आणि सोबत्यांना त्याला सांभाळावं लागलं. लहानपणापासून मी ही गोष्ट सायबाच्या तपाची म्हणून ऐकली. त्या रात्री पहिल्यांदा त्यातले सोबती दिसले.

इग्नेशिअस यांचा आणखी एक नियम आहे. सैतानाला गुपित हवं असतं, ते उघड केलं की त्याचा जोर ओसरतो. रात्री अकराला फादरांना उठवलं आणि पापनिवेदन केलं.

"अनवाणी चालायचा नवस होता?"

"नाही, फादर."

"मग उद्या चप्पल घाल."

इतकं जड प्रायश्चित्त मला कधी मिळालं नव्हतं. सकाळी त्या मुलाची माफी मागितली, सगळ्यांसमोर. तो काहीच बोलला नाही, फक्त बरोबर चालू लागला. त्याच्या चालीनं चालायचं म्हणजे दर थोड्या अंतरावर थांबायचं. रायबंदरच्या रस्त्यावर मांडवीच्या कडेनं जाताना लोकांची नजर माझ्या चपलांवरून सहज पुढे सरकत होती, आणि दुपारपर्यंत तरी ते मला टोचत राहिलं.

जुन्या गोव्याच्या चर्चपाशी, बासिलिकेपाशी, पोचलो तेव्हा मिस्सेची प्रार्थना निम्मी झाली होती, बसायला जागा नव्हती. 'आम्हांस मोहात पडू देऊ नको' म्हणताना तो माझा खांदा धरून एका पायावर उभा होता.