ह्यांच्या पणजीचं माहेर एका फाईलमधनं सापडलं

आमच्या भावकीची वंशावळ म्हणजे एक पिवळा पडलेला कागद, कधीतरी जमिनीच्या वाटणीच्या वेळी कुणीतरी मोडीतनं बाळबोधीत उतरवून घेतलेला. सात पिढ्यांची नावं आहेत त्यात, पण बाई एकही नाही. लग्न होऊन कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आले तेव्हापासनं हा कागद बघतेय आणि दरवेळी मनात यायचं की ह्या सगळ्यांना जन्म देणाऱ्या बायका कुठं गेल्या.

लॉकडाऊनमधे ग्रॅम्प्स नावाचं वंशावळीचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घातलं आणि कागदावरची नावं भरायला बसले. तेव्हा कळलं की यात बापाच्या नावाखाली सरळ रेघ ओढून पोराचं नाव लिहिता येत नाही. मधे कुटुंब म्हणून वेगळी नोंद करावी लागते, त्यात एक जागा नवऱ्याची, एक बायकोची आणि खाली मुलं. म्हणजे प्रत्येक पिढीला बायकोची जागा समोर येतेच, आणि माझ्याकडं सासूबाई आणि आजेसासूबाई सोडल्या तर वर सगळ्या जागा मोकळ्या. कागदावर हे कधी टोचलं नव्हतं एवढं स्क्रीनवर टोचलं.

मग पुण्यातल्या चुलत सासऱ्यांना फोन केला. त्यांच्या आजोबांपासनं ती शाखा तिकडंच आहे आणि काकाही बरीच वर्षं हेच काम करतायत, फक्त दुसऱ्या सॉफ्टवेअरमधे. ते म्हणाले पीडीएफ पाठवतो, मी म्हटलं काका पीडीएफ नको, जेडकॉम फाईल द्या. पीडीएफ किंवा चार्टचा फोटो आला की आपण परत दोनशे नावं हातानं टाईप करत बसणार आणि त्यात चुका होणार. जेडकॉम ही साधी टेक्स्ट फाईल असते, डॉट जीईडी नावाची, नोटपॅडमधे सुद्धा उघडते. अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चनं 1984 ला हा फॉरमॅट काढला, एका प्रोग्रॅममधली वंशावळ दुसऱ्यात जावी म्हणून, आणि आजही बहुतेक सगळी सॉफ्टवेअरं तो वाचतात. प्रत्येक ओळीच्या सुरवातीला 0, 1, 2 असे आकडे असतात, 0 म्हणजे नवीन माणूस किंवा नवीन कुटुंब, 1 म्हणजे त्याची माहिती, 2 म्हणजे त्या माहितीची माहिती, तारीख, गाव वगैरे.

पहिल्यांदा फाईल आली ती नुसती प्रश्नचिन्हं! काकांनी नावं मराठीत भरलेली आणि त्यांच्या जुन्या प्रोग्रॅमनं सेव्ह करताना जुनी अक्षरपद्धत वापरलेली, तिच्यात देवनागरीला जागाच नाही. एक्स्पोर्ट करताना यूटीएफ-8 (सगळ्या लिप्या बसतात ती अक्षरपद्धत) निवडा सांगितलं, मग नीट आली. 2021 ला आलेल्या जेडकॉमच्या 7.0 आवृत्तीत यूटीएफ-8च सक्तीचं आहे, पण जुन्या आवृत्त्या अजून सगळीकडं चालतात, त्यामुळं हे बघूनच पाठवायचं.

दुसरी अडचण आपल्या घरांची. आजोबाचं नाव नातवाला, मग सॉफ्टवेअरला दोघं एकच वाटतात आणि एकत्र करू का म्हणून विचारतं, आणि घाईत हो म्हटलं की आजोबा स्वतःचाच नातू होतो. म्हणून जन्मसाल अंदाजे का होईना, भरा. जुन्या कागदावर शके असतं, शके 1836 म्हणजे 78 मिळवून 1914 (पौषानंतरचं असेल तर 1915), पण नुसतं इसवी सन लिहून मूळ शके टाकून देऊ नका, ते शेजारी कंसात ठेवायची सोय फाईलमधे आहे. दत्तकाचंही तसंच. शाहू महाराजांचं बघा, 1874 ला जन्म कागलच्या घाटग्यांकडं आणि 1884 ला छत्रपतींच्या घराण्यात दत्तक, अशा माणसाला फाईलमधे दोन्ही कुटुंबं जोडता येतात, एक जन्माचं आणि एक दत्तक म्हणून. आपल्याकडं घरोघरी दत्तकं झालीत, तेव्हा एकच कुटुंब जोडून मोकळं होऊ नका. आणि हयात माणसांच्या जन्मतारखा, फोन नंबर बाहेर पाठवू नका, एक्स्पोर्ट करतानाच ते वगळता येतं.

आता मुख्य गोष्ट. काकांच्या फाईलमधे ह्यांच्या पणजीची जागा भरलेली होती! सासरचं नाव एक, माहेरचं वेगळं, गाव गडहिंग्लजच्या बाजूचं, आणि खाली टीप, "आईनं सांगितलं." ती दोन ओळींची टीप मी कितीवेळा वाचली असेन. नाव बघून मात्र मी थांबले, कारण माहेरचं ते नाव मी रोज बघत होते. आमच्या देवघराशेजारी तांब्याची घागर आहे, तिच्या काठावर एक बाईचं नाव घातलेलं आहे, आणि ती कुणाची हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं, सासूबाई म्हणायच्या जुन्या बाजारातनं आली असेल. लग्नात माहेरच्यांनी दिलेली घागर, त्यामुळं नाव माहेरचं, आणि लग्नात नाव बदललं म्हणून पुढं कुणाला ओळखू आलं नाही.

काठावरच्या अक्षरांना पिठी लावून फोटो काढला, नोंदीला आधार म्हणून जोडला आणि फाईल काकांना परत पाठवली. फोटो वेगळा झिप करून पाठवावा लागला कारण जुन्या जेडकॉममधे फोटोचा फक्त पत्ता जातो, फोटो जात नाही. रात्री काकूंचा फोन आला, त्यांच्या माळ्यावर पण जुनी दोन पातेली आणि एक कळशी आहे म्हणे, नावं घातलेली, रविवारी चिंच लावून घासून बघते म्हणाल्या.