दोन फाइलींच्या मधी पडून गेलेली गारपीट

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली मराठवाड्यातली गारपीट ज्यानं बघितली त्याला वेगळं काही सांगायची गरज नाही. औसा तालुक्यात आमच्या शेतात हरभऱ्याची बनीम (कापून रचलेली गंजी) भिजून काळी पडली, ज्वारी सगळी आडवी. तीच गारपीट कॉम्प्युटरवर परत उभी करून बघावी म्हणून मी डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल क्लस्टरवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या बऱ्याच कॉम्प्युटरवर, चालवलं, एकेक किलोमीटरचे चौकोन, ५०० बाय ५००, वर ५० थर, म्हणजे सव्वा कोटी जागा, आणि त्याचं ॲनिमेशन करून अण्णांना दाखवलं. अण्णा बराच वेळ बघत बसले आन् म्हणले, "ढग दिसायलेत, पाऊस दिसायलाय, पर गारा कुठं हायत ह्याच्यात?"

खरंच नव्हत्या.

मग शोधत बसलो. एवढ्या बारीक चौकोनांना मॉडेल साधारण ६-६ सेकंदांनी पुढं सरकतं, म्हणजे तासाला ६०० पावलं. प्रत्येक जागेचे वारा, तापमान, ओलावा असे २० आकडे धरले आणि एका आकड्याला ४ बाइट, तर एका पावलाचा डेटा होतो १ जीबी, आणि दिवसाचा १४ टीबीच्या वर. एवढं लिहायला डिस्क पुरत नाही आणि लिहिण्यातच मॉडेल अडकून पडतं, म्हणून मी तासाला एकच फाइल ठेवली होती. ६०० मधलं १ पाऊल. गारा पडतात दहा-पंधरा मिनिटं. दोन फाइलींच्या मधी पडून मोकळ्या झाल्या.

मोठ्या मशीनवर पण हेच चालतं. २००५ ची मिलेनियम सिम्युलेशन घ्या, म्हणजे कॉम्प्युटरवर उभी केलेली विश्वाची नक्कल, १००० कोटी कण आणि ११ हजारांच्या आसपास पावलं, पण जपून ठेवल्या त्या ६४ स्थिती. आकाशगंगा सावकाश बदलतात त्यामुळं तिथं भागतं, गारपिटीला नाही भागत.

दुसरी चूक माझीच. पॅराव्ह्यू, म्हणजे डेटाची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर, लॅपटॉपवर हळू चालायला लागलं म्हणून मी ४ बाय ४ चौकोनांची सरासरी काढून डेटा हलका केला होता. आता १६ चौकोनांत एकाच ठिकाणी गारांचा आकडा ४० असेल आणि बाकी शून्य, तर सरासरी येते अडीच!! ज्याच्या शेतात ४० पडलं त्याचं शेतच चित्रातून गेलं की. गारपिटीच्या डेटात सरासरी काढूच नये असं माझं स्पष्ट मत झालंय, कमी करायचंच असेल तर त्या १६ मधला सगळ्यात मोठा आकडा ठेवा.

खरा उपाय म्हणजे मॉडेल चालू असतानाच, डेटा मेमरीत आहे तोवरच, बघून घ्यायचं. ह्याला इन सिटू म्हणतात, पॅराव्ह्यूचं कॅटॅलिस्ट ह्याच्यासाठीच आहे, सिम्युलेशन चालता चालताच चित्रं काढून ठेवतं. डब्ल्यूआरएफमधी तर साधी एक सेटिंग आहे, दोन फाइलींच्या मधला वर जाणाऱ्या वाऱ्याचा आणि ढगातल्या बारीक गारांचा कमाल आकडा ते प्रत्येक पावलाला तपासून जपून ठेवतं. ती चालू करून परत रन लावला आणि ह्यावेळी नकाशावर लांबट पट्टा उमटला, आमच्या गावापासून थोडा बाजूला, पण पट्टा तसाच, एका शिवारात सगळं गेलेलं आणि शेजारच्यात काहीच नाही.

अण्णांनी पट्ट्यावरून बोट फिरवलं. "हां, अशाच पडल्या व्हत्या. पर किती वाजता पडल्या ते कुठं दिसतंय?"

कमाल आकडा ठेवला की वेळ हरवते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता प्रत्येक चौकोनाला तो कमाल आकडा कितव्या पावलाला आला, तेवढा एक नंबर सोबत लिहून ठेवायला कोडमधी बदल करायलोय.