काळा दगड

मॉन्ट्रियलच्या व्हिक्टोरिया पुलाजवळचा काळा दगड इतकी वर्षं बसच्या खिडकीतूनच बघत होतो. आज शेजारच्या आजींबरोबर पहिल्यांदा त्याच्यापाशी गेलो. रस्त्याच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी गाड्या धडधडतायत, आणि मध्ये हा दहा फुटी ओबडधोबड धोंडा.

आजींचे पणजोबा १८४७ साली आयर्लंडहून आले, सात वर्षांचे असताना. बटाट्याचं पीक कुजलं, उपासमार झाली, माणसं जहाजांत कोंबून निघाली. टायफस नावाच्या तापाने वाटेतच किती गेली. उरलेल्यांतली हजारो इथे नदीकाठी आजाऱ्यांसाठी उभारलेल्या शेड्समध्ये मेली आणि तिथेच पुरली गेली. पुढे हा पूल बांधताना मजुरांना त्यांची हाडं सापडली. त्या मजुरांतही पुष्कळ आयरिश होते. त्यांनी १८५९ साली नदीतला हा दगड उभा केला: जहाजाच्या तापाने (म्हणजे टायफसनेच) गेलेल्या ६००० जणांच्या अवशेषांची विटंबना होऊ नये म्हणून. आकडा कोरलाय, मृतांपैकी एकाचंही नाव नाही.

आणि हे शहर कसं वागलं! ग्रे नन्स या कॅथलिक जोगिणींनी आजाऱ्यांची सेवा केली, त्यांच्यातल्याही काही जणी दगावल्या. महापौर जॉन मिल्स स्वतः शेड्समध्ये जात राहिले आणि त्याच तापाने गेले. पोरकी पोरं फ्रेंच बोलणाऱ्या घरांनी वाढवली, बऱ्याच जणांची आडनावं मात्र आयरिशच राहिली. आजींचे पणजोबा त्यांतलेच. आजी घरी फ्रेंच बोलतात.

त्यांनी हातमोजा काढला, तळवा दगडावर टेकवला आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.