तुम्ही विचारलंत म्हणून: मॉलच्या नावाचं पाकीट

बचत गटाच्या बैठकीत असो की एसटीच्या थांब्यावर, बाया मला हेच विचारतात, "ताई, मॉलवाले स्वतःच्या नावानं पाकिटं भरतात, तो स्वस्तातला माल तुम्ही नेता. चांगला असते का हो?"

साखर, मीठ, पोहे, रवा, साबुदाणा बिनधास्त घ्या. मिठावर 'आयोडीनयुक्त' लिहिलेलं आणि पाकिटावर फूड लायसन्सचा 14 आकडी नंबर असला की मला पुरतं. टीव्हीवरच्या जाहिरातीचा खर्च त्या भावात नसतो, म्हणून ते स्वस्त पडतं.

तेलात मात्र मी फसले. पाकीट दहा रुपयांनी स्वस्त दिसलं म्हणून चार उचलले. घरी बरणीत ओतलं तर बरणी भरेना. पाकीट उलटून पाहिलं, आत 800 ग्रॅम. एक लिटर सोयाबीन तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. ज्यांच्या वावरात सोयाबीन पिकतं त्यांनीच तेलात नागवलं जावं, याचं फार वाईट वाटलं. आता ग्रॅममागचा बारीक अक्षरातला भाव आधी वाचते. चष्मा सोबत ठेवा.

कपड्याची पावडरही बदलून पाहिली. कापूस वेचून आल्यावर लुगड्याच्या काठाला चिकटलेली काळी माती त्या पावडरीनं निघेना. दोनदा धुवायचं, दोनदा पाणी आणायचं. उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याचाच हिशेब आधी होतो. सोडून दिली.

हळद-तिखट मी पाकिटातलं घेतच नाही. हळद समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची, मिरची भिवापुरी, आणि तुरीची डाळ घरची.

जाणंयेणं म्हणाल, तर मार्च 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. आम्ही तिघी महिन्यातून एकदा मिळून जातो.

पण सगळा किराणा तिथून आणू नका, हे मी प्रत्येकीला हात धरून सांगते. गूळ, चहापत्ती, फल्लीदाणे मी गावातल्या दुकानातूनच घेते, दोन रुपये जास्त पडले तरी. जूनमध्ये बियाणं, खत आणि पोरांची वह्यापुस्तकं एकदमच येतात, तेव्हा मॉल उधार देत नाही. मागच्या साली भाव वाढेल म्हणून कापूस फेब्रुवारीपर्यंत घरातच ठेवला होता. तोवर दुकानदार भाऊंच्या वहीत आमची दोन पानं भरली होती, आणि त्यांनी एकदाही दारात येऊन पैसे मागितले नाहीत.