क्रॉमफर्डचा कालवा: एका गिरणीच्या पाण्यामागे

इंग्लंडातील डर्बीशायर परगण्यातले क्रॉमफर्ड हे गाव सूतगिरण्यांच्या इतिहासात फार मोठे असले, तरी प्रत्यक्षात दोन-चार रस्त्यांत संपते. उद्योजक रिचर्ड आर्कराइटने १७७१ साली पाण्यावर चालणारी सूतगिरणी येथे उभारायला घेतली आणि २००१ साली डर्वेंट खोऱ्यातील इतर गिरण्यांसह ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. बहुतेक प्रवासी गिरणी पाहून परततात. मला मात्र कालव्याच्या काठाने पुढच्या व्हॉटस्टँडवेल गावापर्यंत चालायचे होते, कारण येथली यंत्रे संग्रहालयात समजतात, पण त्यांना फिरवणाऱ्या पाण्याचे काय झाले ते पायी गेल्यावरच उमगते.

सुरुवात नॉर्थ स्ट्रीटपासून केली. १७७६च्या सुमारास आर्कराइटने कामगारांसाठी बांधलेल्या या तिमजली दगडी घरांत अजूनही वस्ती आहे. वरच्या मजल्याच्या लांबट खिडक्या मागावर उजेड पडावा म्हणून ठेवलेल्या. पुरुषांनी वर विणकाम करावे आणि बायकामुलांनी गिरणीत राबावे, अशी योजना होती. गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोल्या पाहिलेल्या माणसाला ही घरे प्रशस्तच वाटतात. पण घर आणि नोकरी एकाच मालकाच्या हाती असताना कामगार मालकापुढे तोंड कसे उघडणार, हा विचार काही मनातून जाईना.

डर्वेंट नदी अगदी शेजारून वाहत असूनही या गिरणीची चाके नदीवर फिरत नव्हती. आसपासच्या डोंगरांत शिशाच्या खाणी होत्या आणि त्यांत पाणी साचू नये म्हणून खाणवाल्यांनी डोंगर पोखरून निचऱ्याचे बोगदे काढले होते. अशाच एका बोगद्याचे पाणी आणि बॉन्सलचा ओढा आर्कराइटने गिरणीकडे वळवले. खोल जमिनीतून येणारे हे पाणी बारमाही होते आणि कडाक्याच्या थंडीतही गोठत नसे. १७९४ साली पुरा झालेला, लँगली मिलपर्यंत सुमारे २३ किलोमीटर जाणारा कालवाही याच पाण्यावर भरू लागला. पुढे मीरब्रुक नावाचा दुसरा बोगदा अधिक खालच्या पातळीवरून खणला गेला आणि पाणी तिकडे उतरले. प्रकरण न्यायालयात गेले. १८३९ साली निकाल लागला तो गिरणीच्या विरुद्ध. खाणीतून उपसून टाकलेल्या पाण्यावर कायमचा हक्क सांगता येत नाही, असा त्याचा आशय होता.

कालव्याकाठची वाट सपाट आहे, कारण ती नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेली आहे. थोड्याच वेळात हाय पीक जंक्शनची जुनी कर्मशाळा लागते. १८३० नंतर येथून डोंगर ओलांडून व्हेली ब्रिजच्या कालव्यापर्यंत लोहमार्ग गेला. उभ्या चढांवर माथ्यावरची स्थिर वाफेची इंजिने साखळदंडांनी डबे वर खेचत.

त्यापुढचे लीवुडचे पंपघर पाहण्यासाठी मी सर्वांत जास्त वेळ थांबलो. बोगद्याचे पाणी गेल्यावर कालवा कोरडा पडू नये म्हणून १८४९ साली ते बांधले. त्याचे प्रचंड तुळईचे इंजिन, म्हणजे वाफेने वरखाली हलणाऱ्या तुळईने पंप चालवणारे यंत्र, एका हेलकाव्यात सुमारे चार टन पाणी नदीतून उचलून कालव्यात टाकत असे. मात्र नदीवर खालच्या अंगाच्या गिरण्यांचाही हक्क असल्याने उपसा फक्त शनिवारी रात्री आठपासून रविवारी रात्री आठपर्यंत करता येई. आपल्याकडे कालव्याच्या पाळीवरून होणारी भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेळापत्रक मुळीच परके वाटणार नाही. इंजिनाची दुरुस्ती झालेली असून ठरावीक दिवशी ते आजही वाफेवर चालवतात. जमल्यास ते दिवस पाहूनच जावे.

पंपघराला लागूनच कालवा दगडी जलसेतूवरून डर्वेंट ओलांडतो. नंतर ग्रेगरी बोगदा, मग दाट झाडी, आणि व्हॉटस्टँडवेलचे स्थानक. पूर्वी नावा येथून बरेच पुढे जात, पण बटरली येथील जवळपास तीन किलोमीटरचा बोगदा १९०० साली खचून बंद झाला आणि १९४४ मध्ये कालव्याची वाहतूक कायदेशीररीत्या संपली. गिरणीला कोरडे पाडणाऱ्या मीरब्रुक बोगद्याचे मुखही याच परिसरात, नदीकाठी आहे. त्याचे पाणी आता पिण्यासाठी वापरले जाते.