उजव्या वळणावर मागून सटकणारी गाडी: माझा अनुभव

गाडी फक्त उजव्या वळणावर मागून सटकायची. डाव्या वळणावर नाही, सरळ रस्त्यावर तर नाहीच. नाशिकच्या पेठ रोडने रोज शाळेत जाणाऱ्याला हे कळायला वेळ लागत नाही; सावळघाटात वळणांना तोटा नाही आणि पावसाळ्यात कोरडा रस्ता क्वचितच मिळतो. उतारावर उजवं वळण आलं, मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, की मागची बाजू डावीकडे, वळणाच्या बाहेर निघायची. वेग चाळीसच्या आतच. स्टिअरिंग माझ्या हातात आणि अर्धी गाडी माझ्या ताब्यात नाही, या जाणिवेने पोटात गोळा येतो. मागच्या सीटवर माझ्या शाळेतल्या बाई बसलेल्या असायच्या, त्यामुळे हे कारण शोधून काढल्याशिवाय मला स्वस्थ बसवेना.

गाडी सेकंडहँड घेतलेली हॅचबॅक, पुढच्या चाकांवर चालणारी. ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, "मॅडम, पावसात होतंच असं, हळू चालवा." हळू तर चालवतच होते. आणि दोष पावसाचा असता तर डाव्या वळणावरही गाडी सटकली असती. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडतो.

पहिला उपयोगी सल्ला पंचवटीतल्या आमच्या शेजारच्या काकांनी दिला. त्यांची सगळी नोकरी सातपूरच्या टायर कारखान्यात झाली. त्यांनी आधी हवा तपासायला लावली, तीही ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे. हवा बरोबर निघाली. मग ते टायरशेजारी उकिडवे बसले आणि बाजूवर कोरलेले चार आकडे बोटाने दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे: २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. माझे मागचे दोन्ही टायर तेव्हाचे होते आणि पुढचे त्यांच्यापेक्षा बरेच नवे. "अगं, रबर वर्षांनी कडक होतं. खाचा शिल्लक दिसल्या तरी ओल्या रस्त्याला ते पूर्वीसारखं धरत नाही. विकणाऱ्याने नवे टायर पुढे टाकलेत, जुने मागे. उलटं हवं होतं."

बहुतेक दुकानांत नवे टायर पुढेच बसवतात, कारण या गाड्यांचे पुढचे टायर लवकर झिजतात. टायर कंपन्या मात्र नवी जोडी मागे टाकायला सांगतात, आणि त्यामागचा विचार मला पूर्ण पटला. पुढची चाकं घसरली तर गाडी वळायचं नाकारते, सरळ जाऊ लागते. घाबरलेला माणूस आपोआप पाय उचलतो, वेग कमी होतो आणि पकड परत येते. मागची चाकं घसरली, ज्याला ओव्हरस्टीअर म्हणतात, तर तीच प्रतिक्रिया घात करते. पाय उचलला की गाडीचं वजन पुढे सरकतं आणि मागची चाकं आणखी हलकी होतात. इंजिन पुढे असल्यामुळे अशा रिकाम्या गाडीचं साठेक टक्के वजन मुळातच पुढच्या चाकांवर असतं; उतारावर त्यात भर पडते. टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेत, आणि त्या जागेवर जेवढा भार तेवढीच त्याची पकड. वळणाच्या मध्येच ब्रेक दाबला तर त्याच पकडीतून ब्रेकलाही वाटा द्यावा लागतो आणि वळण्यासाठी उरते ती कमी पडते. म्हणून वेग वळणाआधी कमी करायचा आणि वळणात ॲक्सिलरेटर हलका, एकसारखा ठेवायचा. तरीही मागची बाजू निघालीच तर ती जिकडे जाते तिकडेच स्टिअरिंग हळूच फिरवायचं आणि ब्रेकवर पाय आपटायचा नाही. हे मी करत होते, म्हणूनच गाडी रस्त्यावर राहिली.

पेठ नाक्याजवळच्या टायरच्या दुकानात मागची चाकं उतरवली आणि डाव्या चाकाने खरी गोष्ट सांगितली. बाहेरची कड ठीक होती. आतली कड, जी गाडीखाली वाकल्याशिवाय दिसत नाही, पार गुळगुळीत. टायरच्या खाचांत १.६ मिलिमीटर उंचीचे उंचवटे असतात, रबर त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. इथे आतल्या बाजूला ते उंचवटेही उरले नव्हते. उजव्या टायरची झीज मात्र दोन्ही कडांना सारखी होती. मी नवी जोडी घेतली आणि मागेच बसवायला लावली. दुकानदार दोनदा म्हणाला, "ताई, पुढे टाकू ना." मी नाही म्हटलं.

फरक पडला. पण उजव्या वळणावर किंचित ओढ राहिलीच, आणि एकाच टायरची एकच कड का झिजली याचं उत्तर अजून मिळायचं होतं. तेवढ्यावर थांबले असते तर नव्या टायरची तीच गत झाली असती.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा यंत्राने मोजून नीट करणाऱ्याने पुढच्या चाकांचे आकडे दाखवले, सगळे हिरवे, म्हणजे बरोबर. मी मागच्या चाकांचे मागितले. "मागचं सेटिंग होत नाही या गाडीत, मॅडम." बरोबर आहे, मागे आडवा एकसंध बीम असलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांत मागच्या चाकांची दिशा पान्ह्याने बदलता येत नाही. पण बदलता येत नसली तरी मोजता येते. थोडा आग्रह केल्यावर त्याने मागेही यंत्र लावलं. डावं मागचं चाक लाल: समोरून बाहेरच्या बाजूला फाकलेलं, ज्याला टो-आऊट म्हणतात. इतके दिवस सरळ रस्त्यावर स्टिअरिंग जरासं डावीकडे धरावं लागत होतं, त्याचाही उलगडा झाला. मागचं चाक डावीकडे तोंड करून असेल तर गाडी सरळ न्यायला पुढच्या चाकांनाही तिकडेच थोडं वळावं लागतं.

आणि उजवंच वळण का, हेही यंत्रातून निघालेल्या आकड्यांच्या कागदावर होतं. उजवीकडे वळताना गाडी डावीकडे कलते आणि मागचा बराचसा भार डाव्या चाकावर येतो. मागच्या बाजूला वळणात धरून ठेवायचं काम तेव्हा त्या एका चाकाचं, आणि तेच नेमकं वळणाबाहेर बघतंय. डाव्या वळणावर तेच चाक हलकं असतं, त्याचा वाकडेपणा झाकला जातो.

तो कागद घेऊन मी अंबडच्या एका गॅरेजमध्ये गेले. तिथल्या मिस्त्रींबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कारण त्यांनी कागद बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. चाक वर-खाली धरून हलवलं, बेअरिंग ढिलं नव्हतं. शॉकअपमधून तेल गळत नव्हतं. बीमचे रबरी बुश टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, लावून पाहिले, शाबूत होते. मग गाडीच्या दोन्ही बाजूंना लांब दोरी ताणून प्रत्येक चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीचं अंतर मोजलं. यंत्राने सांगितलं तेच दोरीने सांगितलं. शेवटी डावं चाक आणि ड्रम उतरवून, चाक ज्याच्यावर फिरतं तो स्टब काढला आणि नव्या स्टबशेजारी धरला. वाकलेला होता. "ताई, हे आधीच्या मालकाकडचं. खड्ड्यात नाहीतर दगडावर जोरात बसलंय. पुढचं अलाइनमेंट करत राहिले, मागे कोणी बघितलंच नाही."

नवा स्टब बसल्यावर चारही चाकांचे आकडे पुन्हा काढले. डावं मागचं हिरव्यात आलं. मग पुढचं अलाइनमेंट नव्याने करून स्टिअरिंग मधोमध आणलं. हा क्रम महत्त्वाचा: मागची दिशा ठरल्याशिवाय पुढची ठरत नाही.

आता सावळघाटात भर पावसात उजवं वळणही डाव्यासारखंच जातं. मागच्या सीटवरच्या बाईंनी दांडा धरून बसणं सोडलंय. गाडीखाली वाकून मी मागच्या टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवते, झीज दोन्हीकडे एकसारखी आहे. पुढची जोडी आधी संपेल. तेव्हा मागची दोन पुढे आणि नवी दोन मागे, हे दुकानदाराला आतापासूनच सांगून ठेवलंय.