कात्रण हाय काय?

ऑगस्ट २०१९. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि निपाणी-बेळगाव वाट बंद झाली. मी तेव्हा एका मराठी दैनिकाचा निपाणीचा बातमीदार; शिवाय आकाशवाणीला फोनवरून वृत्त द्यायचो. मानधन दोन्हीकडे बेताचंच.

पुराची छापील बातमी आकड्यांवर चालते. कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याचा विसर्ग, त्यात दूधगंगेचं पाणी मिळवलं की झाला कल्लोळजवळच्या कृष्णेचा आकडा. पुढं कोयना, अलमट्टी. तेवढं लिहून पाठवलं आणि रेडिओसाठी तेच वाचायला घेतलं. रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी. टाकीवर पाऊस असा बडवत होता की पलीकडून सारखं ‘आवाज येत नाही’. ताडपत्री धरायला कारदग्याचे एक काका उभे होते, नातेवाइकांकडं अडकून पडलेले. ते म्हणाले, "क्युसेक ऱ्हाऊ दे ओ. जनावरं सोडायची का न्हाई ते सांगा."

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर, हे मला पाठ. गोठ्यात पाणी आलेल्याला त्याचा काय उपयोग! कागद खिशात घातला. कृष्णा तुडुंब असली की दूधगंगेला आत घेत नाही, दूधगंगा वेदगंगेला घेत नाही. पाणी मागं फुगतं आणि उघडीप असली तरी गावात शिरतं. एवढं सांगितलं, बुडालेले बंधारे घेतले: जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड. शेवटी म्हणालो, पाऊस थांबला म्हणून जनावरं परत गोठ्यात बांधू नका.

गावात वीज नव्हती, मोबाईल मेलेले. सेलवरच्या ट्रान्झिस्टरवर काकांच्या थोरल्यानं ते ऐकलं आणि म्हशी माळावर नेल्या. माझी छापील बातमी मात्र बेळगावातच अडकली. गठ्ठे येणार कुठून?

पाणी उतरल्यावर काका आले. घराची मागची भिंत पडली होती. म्हशींचं सांगून झालं, मग म्हणाले, "कात्रण हाय काय? भरपाईच्या अर्जाला जोडायचंय."

"रेडिओवर तुमच्या थोरल्यानं ऐकलं की!"

"ते कसं जोडू?"

बेळगावहून जुना अंक मागवला. काकांनी चष्मा लावून गावाचं नाव शोधलं, त्यावर बोट ठेवलं, झेरॉक्स काढल्या. दोन दिवसांनी पुन्हा दारात. "कन्नडमधलं मागत्यात ओ."

एका कन्नड दैनिकातल्या मित्राला फोन लावला. पुरात माझ्याच फोटोवर त्याचं पान निघालं होतं. त्यानं लगेच अंक पाठवला.